परदेशात कोणी नातेवाईक आहे काय?

मदन महल, जबलपूर
रविवार, ता. १० ऑक्टोबर १९७१

सौ. शरयूवहिनींस,

अच्युतचा साष्टांग नमस्कार. आई आणि मी ठीक आहोत. तुम्ही आणि तुमच्या घरची मंडळी वर्ध्याला ठीक असाल असे धरून पुढे लिहितो. तुमचे दसऱ्याचे पत्र पोहोचले. माझ्या मागच्या पत्रातल्या ज्या चुका तुम्ही लाल शाईने दाखवून परत पाठवल्या, त्या पाठ केल्या आहेत. तुमच्या शाळेतल्या मुलींना तुम्ही अशीच शिक्षा देत असाल तर त्यांचे कल्याण होईल.

बातमी अशी की आमच्या कारखान्यातून चार माणसे परदेशी पाठवायचे ठरले आहे आणि चौघांत माझे नाव आहे. कोणत्या देशात, ते पत्रात लिहायला मनाई आहे. तिथे थंडी असते आणि गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, इतके लिहायला हरकत नसावी. नसावी असे मला वाटते, कोणाला विचारलेले नाही. तुम्ही वाचून कोणाला सांगू नये.

दातेरी चाके कापायचे नवे यंत्र तिथून येणार आहे, ते चालवायला शिकून यायचे. बाकीचे तिघे डिप्लोमावाले. मॅट्रिकला न बसलेला मी एकटा. माझे नाव का घेतले ते मी साहेबांना विचारले नाही, कारण विचारले तर चूक त्यांच्या लक्षात येईल असे वाटले. दिवाकर बोधनकर, जो आमच्या चौघांतलाच एक आहे, तो म्हणतो, "अबे, जुन्या मशीनवर तू एकटाच उरला. बाकी सगळे बदली घेऊन पळाले. म्हणून तुझं नाव." तसेही असेल. पण परत आल्यावर चार्जमनच्या जागेसाठी मॅट्रिकची अट माफ होते, आणि ती दुसऱ्या कोणत्याही वाटेने माफ होत नाही. हे मी विचारून घेतले आहे. मी गेलो नाही तर निवृत्त होईपर्यंत जिथे उभा आहे तिथेच उभा राहीन.

सुरक्षा अधिकारी चतुर्वेदी साहेबांनी आम्हा चौघांना खोलीत बसवून सूचना वाचून दाखवल्या. पासपोर्ट हॉटेलात ठेवू नये, अंगावर ठेवावा. एकट्याने फिरू नये. रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघावे. कोणी कामाबद्दल विचारले तर "मशीनचे काम" एवढेच सांगावे. अनोळखी माणसाकडून पेन, घड्याळ, पुस्तक काही घेऊ नये. एखादी बाई फार चांगली हिंदी बोलू लागली तर तिथून निघावे. दिवाकरने विचारले, "साहब, और खराब हिंदी बोले तो?" साहेब म्हणाले, "तब वह तुम्हारे ही घर की होगी, साथ ले आना." सगळे हसले. मीही हसलो, पण जरा उशिरा, कारण मी लिहून घेत होतो. मग साहेबांनी माझा कागद काढून घेतला. सूचना लिहून घ्यायच्या नाहीत, ही पहिलीच सूचना होती. तीही मी लिहून घेतली होती.

शेवटची सूचना अशी की कोणी अडकवून ठेवलेच तर आपले नाव सांगायचे, देश सांगायचा आणि आमच्या वकिलातीला कळवा म्हणायचे. त्यापुढे गप्प बसायचे. "अपने लोग आकर ले जाएँगे," साहेब म्हणाले, "किसी को छोड़ा नहीं जाता." त्यानंतर चहा झाला.

आता जी गोष्ट लिहितो ती वाचून तुम्हाला हसू येईल.

जाण्याआधी प्रत्येकाची मंजुरी यावी लागते, आणि त्याआधी पोलिसांचा माणूस घरी येऊन चौकशी करतो. आमच्याकडे दुबेजी नावाचे गृहस्थ आले. मी पहिल्या पाळीला गेलो होतो, आई एकटी होती. संध्याकाळी घरी आलो तर आई खुशीत. म्हणाली, "चांगला माणूस होता रे. साऱ्या घराची चौकशी केली. श्रीकांतची पण केली. इतक्या वर्षांत सरकारचा माणूस पहिल्यांदा माझ्या श्रीकांतले विचारून राहिला."

मी विचारले, काय विचारले. तर दुबेजींनी नेहमीचा प्रश्न विचारला होता, "बाहर मुल्क में कोई रिश्तेदार?" आई म्हणाली, "हाँ, है ना. मेरा बड़ा लड़का. पाकिस्तान में." दुबेजींनी मान वर करून विचारले, "वहाँ क्या करता है?" आई म्हणाली, "करेगा क्या. पकड़के रखा है." आणि त्यांच्यापुढे चिवड्याची बशी ठेवली. त्यांनी खाल्ला. चांगला झाला म्हणाले.

दुसऱ्या आठवड्यात चतुर्वेदी साहेबांनी मला एकट्याला बोलावले. त्यांच्यापुढे दोन कागद होते. एक वाचला, "श्रीकांत, फ़ौज की सिग्नल कोर, सन पैंसठ की लड़ाई. पहले लापता. छियासठ में फ़ौज ने लिखा, मारे गए समझे जाते हैं. पत्नी शरयू, वर्धा." दुसरा दुबेजींचा. साहेब रागावले नव्हते. म्हणाले, "अच्युत भैया, एक काग़ज़ में तुम्हारा भाई नहीं है, दूसरे में पाकिस्तान में बैठा है. दोनों साथ नहीं चल सकते. पाकिस्तान में बैठा है तो तुम भोपाल तक नहीं जा सकते, बाहर की तो छोड़ो."

मी म्हणालो, फौजेचे ते पत्र घरात आम्ही मानलेले नाही. आईने मानले नाही, तुम्ही मानले नाही. क्रियाकर्म झाले नाही. कारखान्याचे क्वार्टर मिळत होते तेही आईने घेऊ दिले नाही, कारण दादाला हेच घर माहीत आहे. हे सगळे मी त्यांना हिंदीत सांगितले. साहेब म्हणाले, "मानो मत. बोल दो बस. दुबे दोबारा आएगा, माताजी वही कह दें जो फ़ौज ने लिखा है." मी "देखता हूँ" म्हणून आलो.

बाकी विशेष नाही. दिवाळीचे पोहे आईने वाळत घातले आहेत. तुमच्या आईबाबांना नमस्कार. या पत्रात चुका असतील त्या कळवाव्या.

तुमचा धाकटा दीर,
अच्युत


मदन महल, जबलपूर
रविवार, ता. १४ नोव्हेंबर १९७१

ती. शरयूवहिनींस,

अच्युतचा नमस्कार. दिवाळी नीट पार पडली. तुम्ही पाठवलेले अनारसे मोडले नाहीत. उत्तराला उशीर झाला. काम जास्त आहे, कारखान्यात आता सगळ्या विभागांना जादा तास लावले आहेत. रेल्वेने फौजेच्या गाड्या जात असतात. स्टेशन जवळ असल्यामुळे आवाज येतो. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

माझी मंजुरी झाली. दुबेजी पुन्हा येऊन गेले, आईला नीट विचारले, त्यांना नीट उत्तर मिळाले. चतुर्वेदी साहेबांनी हात मिळवला. डिसेंबरच्या मध्यावर निघायचे आहे, आधी मुंबईला रेल्वेने आणि तिथून विमानाने.

डॉक्टरांनी तपासले. देवीची लस टोचली त्याने ताप येऊन दंड सुजला होता, आता उतरला आहे. ओमतीच्या बाजूला एका शिंप्याकडे गरम कोट शिवायला टाकला. तो विचारत होता, "शादी है क्या?" परदेशाचे नाव काढायचे नाही, म्हणून हो म्हणालो. तेव्हा त्याने खांद्यात जास्त कापूस भरला आहे. दिवाकरने पाहून सांगितले, "तू नवरदेव दिसत नाहीस, हवालदार दिसतोस." दिवाकरची बायको शकु त्याच्यासाठी स्वेटर विणते आहे. रोज त्याच्या पाठीला लावून बघते. तो म्हणतो, माझी पाठ रोज वाढते असे तिला वाटते.

पुन्हा एकदा सूचना झाल्या. उतरल्याबरोबर वकिलातीत नाव नोंदवायचे. पाकिस्तानी माणूस भेटला, आपल्यासारखेच बोलला, चहा देऊ लागला, तरी बसायचे नाही. घरी पत्र पाठवायचे तर उघडे कार्ड पाठवायचे. घरच्या लोकांनीही आपला माणूस कुठे गेला आहे ते शेजारी सांगू नये. या शेवटच्या सूचनेवर साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्हारे घर की चिंता नहीं, माताजी अब पक्की हो गई हैं."

आईची तब्येत ठीक आहे. जेवते, झोपते. एक गंमत म्हणजे आजकाल ती माझ्याशी हिंदीत बोलते. "खाना लगा है." "चाबी ले जाओ." शेजारणींशी बोलते तशीच. मी मराठीत उत्तर देतो. ती ऐकून घेते आणि पुन्हा हिंदीत बोलते. तिची हिंदी पूर्वीपेक्षा सुधारली आहे. काहून ते कोण जाणे.

मी गेल्यावर ती एकटी राहील. तुम्हाला शाळेतून सुटी मिळाली तर काही दिवस येऊन जाल काय? जमत नसेल तर राहू द्या. मी न विचारल्यासारखे समजा.

अच्युत


मदन महल, जबलपूर
रविवार, ता. ९ जानेवारी १९७२

वहिनी,

तुमचे पत्र नोव्हेंबरअखेर आले होते. मी उत्तर दिले नाही. मधे लढाई झाली हे एक कारण आहे. खरे कारण नाही.

तुम्ही लिहिले होते, "भाऊजी, पाकिटावर आणि आत, दोन्ही ठिकाणी माझ्या नावामागे सौ. नव्हते. तुम्ही अनुस्वारसुद्धा विसरत नाही. चूक झाली असेल तर कळवा. चूक नसेल तर तेही कळवा, मला कोणीच काही सांगत नाही." हे वाचून मी पत्र घडी घालून खिशात ठेवले आणि पाळीला गेलो. ते काही दिवस खिशातच होते.

चूक नव्हती. पण ठरवूनही केले नव्हते. त्या दिवशी सौ. लिहायला पेन टेकवले आणि हात पुढे गेला नाही. मग ती. लिहिले. आज वर काय लिहावे हे ठरेना, म्हणून नुसते वहिनी लिहिले आहे.

आता मागच्या पत्रात जे "नीट उत्तर मिळाले" असे लिहिले, ते कसे मिळाले ते लिहितो.

दिवाळीनंतर नवे मटार आले होते. सकाळची वेळ होती, माझी दुसरी पाळी. आई अंगणात सूप घेऊन मटार सोलत होती. मी जवळ बसलो आणि म्हणालो, आई, तो पोलिसवाला पुन्हा येईल. या वेळी वेगळे सांगावे लागेल. नाहीतर मला जाता येणार नाही. ती म्हणाली, "काय सांगू?" मी सांगितले. मला वाटले होते ती ओरडेल, किंवा उठून आत जाईल. मी त्याची तयारी करून बसलो होतो. ती म्हणाली, "हिंदीत कसं म्हणतात?"

मी वाक्य तयारच ठेवले होते. मेरा बड़ा बेटा लड़ाई में मारा गया. ती म्हणाली, "मेरा बड़ा बेटा लड़ाई में मारा गई." तुम्हाला माहीत आहे तिला हिंदीत गया आणि गई कळत नाही. मी म्हणालो, गई नाही, गया. ती म्हणाली, "मेरे बड़ा बेटा." मी म्हणालो, मेरे नाही, मेरा. असे चालले होते. ती शेंग फोडायची, दाणे सुपात टाकायची आणि म्हणायची. मी दुरुस्त करायचो. तुम्ही मला शुद्धलेखन घालायच्या तसा मी बसलो होतो वहिनी. ती चुकली की मला बरे वाटत होते आणि तरी मी दुरुस्त करत होतो. शेवटी तिचे बरोबर आले. मी म्हणालो, आता बरोबर आहे.

तेव्हा तिने एकच विचारले. "हे मराठीत नाही ना सांगावं लागत?"

मी म्हणालो, नाही.

"मग ठीक आहे," म्हणाली, आणि सूप घेऊन आत गेली.

दुबेजी आले त्या दिवशी मी मुद्दाम घरी होतो. दारात उभा होतो. त्यांनी विचारले, आणि आईने एका दमात, एकही चूक न करता सांगितले. दुबेजींनी टोपी काढली. "माफ़ करना अम्मा," म्हणाले, आणि चहा न घेता गेले. दार लावून मी वळलो तर आई म्हणाली, "ठीक बोला ना मैंने?" ती माझ्याशी हिंदीत बोललेली ही पहिली वेळ. त्यानंतर ती माझ्याशी मराठी बोललीच नाही. मागच्या पत्रात मी याला गंमत म्हटले होते.

मग लढाई लागली. आमचे जाणे थांबले. तो कोट खुंटीवर आहे. खिडक्यांना काळे कागद लावले, बारा बारा तास काम केले, त्यातले मला फारसे काही आठवत नाही. दिवसभर यंत्रापुढे उभा असलो की बरे असायचे. यंत्र बंद झाले की काय करावे ते समजत नसे, म्हणून ते पुसत बसायचो. लढाई जिंकल्याचे भोंगा वाजवून कळवले तेव्हा लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. दिवाकरने मला हलवले, "अबे, काही तरी कर ना." मी त्याला मिठी मारली.

त्यानंतर पाकिस्तानी कैद्यांच्या गाड्या यायला लागल्या. इथे छावणीच्या भागात तारांच्या कुंपणात त्यांना ठेवले आहे. गावात दुसरा विषय नाही. नळावर, दळणाच्या गिरणीवर, सगळीकडे हेच, की एवढे त्यांचे आपल्याकडे आहेत, आता ते द्यायचे आणि आपले घ्यायचे, जुनेही घ्यायचे. आई हे ऐकून येते. घरी काही बोलत नाही.

मागल्या सोमवारी मी जेवायला बसलो होतो. आई समोर बसली होती. आणि ती मराठीत बोलली. "काहून रे अच्युत, आता आपले लोक त्यांच्याकडे आपल्या माणसांची नावं मागतील ना? मग श्रीकांतचं मागतील का? का मीच मेला म्हणून लिहून दिलं, म्हणून सोडून देतील?"

माझा घास तोंडात होता. तो मी चावत राहिलो.

मी म्हणालो, तो कागद आमच्या कारखान्याचा आहे, फौजेचा नाही, त्याचा काही संबंध नाही. ती म्हणाली, "सरकार एकच असतं ना?" मग ती म्हणाली, "मी तुझ्यासाठी बोलली. तू जायला पाहिजे म्हणून बोलली. पण तेव्हा इतके कैदी नव्हते रे. ते बोलणं परत घेता येतं का?"

दुसऱ्या दिवशी मी चतुर्वेदी साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, तुमची चौघांची मंजुरी कायम आहे, मार्चमध्ये पाठवायचे ठरते आहे, कोटाला कसर लागू देऊ नको. मी सांगितले, आईला बयान बदलायचे आहे. साहेब म्हणाले, "क्यों अपने पाँव पर कुल्हाड़ी मारते हो? वह काग़ज़ दराज़ में पड़ा है. न फ़ौज देखेगी, न कोई." मी म्हणालो, हे मला माहीत आहे, तिला माहीत नाही. साहेब म्हणाले, "तो मत बताओ. कह दो बदल दिया." वहिनी, हे मलाही सुचले होते. सोमवारीच सुचले होते. पण तिला एक वाक्य मी शिकवले, आता दुसरे खोटे मीच सांगायचे, आणि ती माझ्यावर विश्वास ठेवणार, हे मला नकोसे झाले.

गुरुवारी रजा घेऊन आईला रिक्षाने सिव्हिल लाइन्समधल्या दुबेजींच्या कचेरीत नेले. तिने नऊवारी नेसली होती, एरवी ती बाहेर जाताना पाचवारी नेसते. दुबेजी होते, त्यांचे साहेब होते. आई उभीच राहिली. मी तिला काही शिकवले नव्हते. ती म्हणाली, "साहब, मैं झूठ बोली थी. मेरा लड़का का मेरे को मालूम नहीं."

ते साहेब चांगले होते. म्हणाले, "माताजी, इसमें मालूम नहीं का ख़ाना नहीं है. या तो हैं, या नहीं हैं."

आई म्हणाली, "तो खाली छोड़ दो."

ते माझ्याकडे बघून म्हणाले, खाना रिकामा ठेवला तर हा कागद वर जाणार नाही, कोणी सही करणार नाही, समजते ना? मी म्हणालो, समजते. त्यांनी रिकामा ठेवला. दुबेजींनी आईला खुर्ची दिली, पण तोवर काम संपले होते.

शुक्रवारी माझे नाव कापले. माझ्या जागी दुसऱ्या विभागातला एक डिप्लोमावाला जातो आहे. दिवाकरने मला "गधा" म्हटले आणि नंतर दिवसभर माझ्या शेजारून हलला नाही. मला वाईट वाटले काय, हे तुम्ही विचाराल. नाव कापल्याचा कागद मी वाचला, त्यात माझ्या नावातला उकार चुकलेला होता, तो मी पेनने दुरुस्त केला आणि सही करून परत दिला. त्यानंतर जेवणाची सुटी झाली. एवढेच आठवते.

आई पुन्हा मराठीत बोलते. संक्रांतीचे तीळ निवडायला घेतले आहेत आणि मला सांगते आहे की तुम्हाला हळदीकुंकवाची पुडी आणि तिळगूळ पाठवायचा, दरवर्षीसारखा. पुडी तयार आहे. ती या पत्राबरोबर नाही, वेगळी पार्सलने येईल. तिच्यावर पत्ता आईने बाजूला बसून माझ्याकडून लिहून घेतला, आणि तिने सांगितला तसाच मी लिहिला आहे.

पण हे पत्र मी तिला वाचून दाखवलेले नाही. तुम्ही तुमच्या पत्रात शेवटी विचारले होते, "भाऊजी, तुम्हाला स्वतःला काय वाटते?" एवढे सगळे लिहिले आणि त्याचे उत्तर अजून लिहिले नाही, हे माझ्या लक्षात आहे. सहा वर्षांत हे तुम्हाला कोणी सांगितले नाही, आणि तुम्हीही कोणाला विचारले नव्हते. मला विचारले.

दादा नाही, वहिनी. मला असे वाटते. फौजेचे दुसरे पत्र आले त्या दिवसापासून वाटते. तुम्ही वर्ध्याला जायला निघालात आणि मी ट्रंक उचलून स्टेशनवर आलो होतो तेव्हाही वाटत होते, आणि मी तुम्हाला म्हणालो होतो की दादा आला की तार करीन. माझ्याजवळ पुरावा काही नाही. माझे चुकत असेल. पण विचाराल तर हेच वाटते, आणि मी ते आपल्या भाषेत लिहिले आहे.

आई आहे तोवर या घरात दादा आहे. तिच्यापुढे मी दुसरे बोलणार नाही. छावणीतून कैदी सुटतील, गाड्या इकडून तिकडे जातील, ती स्टेशनवर जाऊ म्हणेल तर मी तिला घेऊन जाईन. पण तुम्ही वर्ध्याला आहात. तुमचे वय मला माहीत आहे. तुम्हाला थांबायचे असेल तर थांबा. थांबायचे नसेल, तर आईला ते मी सांगेन. कसे सांगायचे ते मला अजून माहीत नाही, पण ते काम माझे. तुम्ही त्याची काळजी करू नये.

पार्सल आले की पोहोच कळवा. या पत्रातल्या चुका या वेळी दुरुस्त करून पाठवू नका.

तुमचा दीर, आणि नात्याने काहीही ठरले तरी तुमचाच,
अच्युत